सगळ्यात आखूड पुंगळी

"आधी सगळ्यात आखूड शोधा," असं म्हणताना ते अंगठा आणि तर्जनी जवळ आणत, एक डोळा मिटत आणि त्या फटीतून समोरच्याकडे बघत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, हा माणूस आपलंच माप घेतोय. ते काही अंशी खरंही होतं.

सिंगापुरात, मरीन परेडच्या आमच्या इमारतीत ते माझ्या खालच्या मजल्यावर राहत. साठी ओलांडलेली, उंची बेताची, शर्टाच्या खिशात कायम बारीक मापं घ्यायचा एक व्हर्नियर. तुआसमधल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सल्लागार होते. मी वृत्तसंस्थेत काम करतो म्हणून मला 'संपादक' म्हणत. मी संपादक नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका कामाचा नियम ती आयुष्यभर सगळीकडे लावत राहतात. इमारतीतले आम्ही चौघे हॉकर सेंटरला जेवायला गेलो, की ऑर्डर द्यायला उठलेल्याला ते हात धरून बसवत. "सगळ्यात कमी तिखट कोण खातं?" तिघेही माझ्याकडे बघत. मग नूडल्स माझ्या बेताने येत आणि बाकीचे मिरची वेगळी मागून घेत. कारखान्यात सकाळची मीटिंग त्यांनी उशिरा ठेवली होती, कारण त्यांच्या हाताखालचा एक जण मुलीला बालवाडीत सोडून सेंगकांगहून येई. वरिष्ठांनी कारण विचारलं. "लांबून येणाऱ्यावर माप लावलंय," हे उत्तर कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

हा नियम मुळात पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्यांचा.

सिंगापूरला येण्याआधी ते बरीच वर्षं अमेरिकेत होते. तिथे त्यांना नेमबाजीचा नाद लागला. कागदी लक्ष्यावर, शनिवारी, क्लबात. गोळी झाडली की पितळी पुंगळी उरते. ती साफ करून पुन्हा भरता येते, आणि ते स्वतः भरत. भरलेल्या गोळीला घट्ट धरण्यासाठी पुंगळीचं तोंड किंचित आत वळवतात. पुंगळ्या कमीजास्त लांबीच्या असल्या, तर एकीचं तोंड जास्त वळतं, दुसरीचं वळतच नाही. म्हणून सगळ्या एका लांबीच्या करायच्या. कापून कमी करता येतं, वाढवता येत नाही. तेव्हा ढिगातली सगळ्यात आखूड शोधायची, ट्रिमर या कापायच्या यंत्राचं पातं तिच्या लांबीवर लावायचं आणि बाकीच्या तिच्याएवढ्या कापायच्या.

सिंगापुरात यातलं काही नव्हतं. इकडे निघताना त्यांनी प्रत्येक कोटाचे खिसे उलटे करून झटकले होते. "इथे एक रिकामी पुंगळी सापडली तरी उत्तरं देता देता जन्म जाईल," ते म्हणत. पिस्तुल, ट्रिमर, सगळं तिकडच्या घरी मुलाकडे राहिलं. बरोबर आला फक्त व्हर्नियर.

मुलाशी त्यांचं फारसं बोलणं नव्हतं. पत्नी गेल्यावर काही महिन्यांतच त्यांनी ही नोकरी घेतली. बाबा घर टाकून पळाले, असं मुलाला वाटलं. त्याने तसं सांगितलंही. "फोन नेहमी तीच करायची," ते एकदा म्हणाले. "मी मागून विचारायचो, बरं आहे ना. आता पुढचं बोलणं कुणी करायचं?"

मग एका रविवारी मुलाने आपण होऊन फोन केला. तो आईच्या माघारी शनिवारी क्लबात जायला लागला होता, आणि त्याच्या गोळ्या नीट बसत नव्हत्या. त्यांनी कॅमेरा पुंगळ्यांवर धरायला सांगितला. तेव्हापासून आमच्या रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी संध्याकाळी, फोन ठरलेला. ते साखरेच्या बरणीला फोन टेकवून ठेवत, चष्मा लावत आणि व्हर्नियर समोर ठेवत. मोजायला इथे काहीच नसे. मी पेपर घेऊन समोर बसे.

पडद्यावर फक्त दोन हात दिसत. ट्रिमर, पितळ आणि हात.

"मोज."

"मोजलं, बाबा. सेमच आहे."

"फिरवून मोज. उजेडात धर."

"फिरवलं. सेम."

"दुसरी घे."

असं तासभर चाले. मधेच, पुंगळी फिरवता फिरवता, मुलगा सांगे की गॅरेजचं दार बिघडलंय, आईचं लिंबाचं झाड थंडीत आत आणलंय. तेही मधेच, पातं नीट बसव म्हणता म्हणता, झाडाला पाणी किती घालायचं ते सांगत.

काही महिन्यांनी माझ्या बातमीदारी डोळ्याला एक गोष्ट खटकली. मुलगा ट्रिमरचा दांडा फिरवत होता, पण पितळेचा चुरा पडत नव्हता.

फोन संपल्यावर मी विचारलं, "या पुंगळ्या किती वेळा कापाव्या लागतात?"

"रायफलच्या वरचेवर. त्यांना बाटलीसारखा गळा असतो, त्या लांबत जातात. पिस्तुलाच्या सरळ नळीसारख्या. त्या वाढत नाहीत. एकदा सारख्या केल्या की झालं."

"मग दर रविवारी काय चालतं?"

"मोजतो."

"त्याला ठाऊक आहे?"

त्यांनी व्हर्नियर मिटला, शून्यावर येतोय का पाहिलं आणि खिशात ठेवला. "इंजिनिअर आहे तो. चहा घेणार अजून?"

मी घेतला.

पुढच्या वर्षी एका रविवारी पडद्यावरचे हात थांबले. सूनबाईंना दिवस गेले होते. मुलाने ते सांगितलं, आणि त्याच दमात सांगितलं की तिला हे पिस्तुल, गोळ्यांची दारू, काही घरात नको आहे.

"तुला?"

"माहीत नाही, बाबा. विकलं, तर मग आपण..." हात पुन्हा एकच पुंगळी फिरवायला लागले.

मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. पण एवढं मलाही कळत होतं, की पिस्तुल गेलं की पुंगळ्या जाणार, आणि पुंगळ्या गेल्या की या दोघांकडे बोलायला 'बरं आहे ना' एवढंच उरणार. त्यांनी एकदा विकू नकोस म्हटलं असतं, तर मुलाने ते कुठे तरी क्लबात ठेवलं असतं. तसं म्हणायला जागा होती.

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. "आता तुझ्या घरात सगळ्यात आखूड कोण?"

"बाबा, प्लीज."

"सांग की."

"बाळ."

"मग पातं त्याच्यावर लाव. बाकीचं सगळं तेवढं कापायचं. आजच क्लबात फोन कर, कुणी तरी घेईल. ट्रिमर चांगला आहे, फुकट देऊ नकोस."

फोन बंद झाला. ते बरणीकडे बघत बसले. "संपादक," ते म्हणाले, "माझं काम गेलं."

आता त्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब राहतं. बाळ झाल्यावर त्यांनी तुआसची नोकरी सोडली आणि ते तिकडे गेले. मला अधूनमधून लिंबाच्या झाडाचे फोटो येतात. पण मला ते आठवतात, ते पिस्तुल विकल्यानंतरच्या पहिल्या रविवारचे.

मी नेहमीच्या वेळेला गेलो. फोन बरणीला टेकवलेला होता. चष्मा लावलेला, व्हर्नियर समोर. ठरलेली वेळ झाली, टळली. त्यांनी चहा ओतला आणि घेतला नाही. "नेटवर्क असेल," मी म्हणालो. "असेल," ते म्हणाले. मी पेपराची घडी घालायला लागलो, तेव्हा फोन वाजला.

पडद्यावर ट्रिमर नव्हता, पितळ नव्हतं. दाखवायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून मुलाने कॅमेरा स्वतःकडे वळवला होता.

"चष्मा कधी लागला रे तुला?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली, बाबा."

ते पुढे वाकले. "जरा फिर," ते म्हणाले. "उजेडात ये. बघू दे."