भिंगरीची बाटली आणि वायसरकाका

आमच्या इमारतीतले वायसरकाका चौतीस वर्षं नळ दुरुस्त करत आहेत. गळणारं पाणी त्यांना वैयक्तिक अपमानासारखं लागतं.

त्यांची नात भिंगरी पावणेदोन वर्षांची. सुनेला सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचं होतं. सवय व्हावी म्हणून नातीला आधी पाळणाघरात पाठवलं, तर तीन दिवसांत तिने बाटलीतलं पाणी सांडून दोन सतरंज्या, एक गादी आणि शेजारी झोपलेलं बाळ भिजवलं. पाळणाघराच्या ताईंनी बजावलं, "न सांडणारी बाटली असेल तरच सोमवारी आणा."

सून रडकुंडीला आली. काका म्हणाले, "पाण्याचं आहे ना? मग ते माझ्याकडे."

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "साहेब, नळीने ओढून प्यायच्या चार बाटल्या आणल्यात. तुम्ही तक्ता आखा, म्हणजे सगळं रीतसर होईल."

मी पट्टी घेऊन गेलो. पहिली बाटली कपड्यांच्या दोरीला उलटी टांगली, ती ठिबकली. दुसरी पान्यांच्या पिशवीत घालून स्कूटरवरून फिरवली, ती पाझरली. तिसरी काकूंनी जिन्यावरून सोडली. तिचं तोंडच निखळलं. चौथीवर काका स्वतः बसले. थेंब नाही. तरी समाधान होईना, म्हणून त्यांनी आत स्वतःचा एक वायसर बसवला. मग पाणी बाहेरच येईना. सुनेने ओढून पाहिलं, मी ओढून पाहिलं. माझे गाल आत गेलेले बघून काकू म्हणाल्या, "भाऊजी, कवळी सांभाळा."

वायसर काढला. मी तक्त्यावर सही केली आणि बाटली भिंगरीच्या हातात दिली.

ती प्यायली नाही. तिने बाटली गुडघ्यांत धरली, झाकण डावीकडे फिरवून काढलं, आतलं रबर फ्रॉकला पुसलं, एक डोळा मिटून उजेडात पाहिलं आणि सगळं पाणी माझ्या तक्त्यावर ओतलं.

"बाबा, तुम्हीच शिकवलंत तिला," सून म्हणाली.

"मी कुठे शिकवलं?"

"सकाळपासून दहा वेळा तरी तिच्यासमोर झाकण उघडलंत."

नक्की आकडा तक्त्यात होता, पण तक्ता आता वाचण्याजोगा राहिला नव्हता.

काकांनी झाकण आपल्या मुठीत धरून पाहिलं. मग पिशवीतून पाइपाची जाडी मोजायचं माप काढून त्यांनी नातीचा पंजा मोजला. तिला गुदगुल्या होत होत्या, त्यामुळे तीनदा मोजावा लागला. दुकानात जाऊन ते म्हणाले, "हिच्या मुठीत मावणार नाही अशा झाकणाची द्या."

दुकानदार म्हणाला, "काका, बाळासाठी हवी की टाकीसाठी?"

सोमवारी पाळणाघर माझ्या वाटेवर असल्याने मीही थांबलो. भिंगरीने नवी बाटली गुडघ्यांत धरली. हात झाकणावरून घसरला. पुन्हा घसरला. तिने ती आजोबांपुढे धरली. "काढ."

चौतीस वर्षांत कोणी बोलावलं आणि काका गेले नाहीत, असं झालेलं नाही. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि छताकडे पाहिलं. सुनेची बस सुटायला पाच मिनिटं होती.

भिंगरीने मोठा उसासा टाकला आणि ती नळीने गटागटा पाणी प्यायली. ताईंनी बाटली सतरंजीवर उलटी करून झटकली. सतरंजी कोरडी. सून बसकडे पळत सुटली.

संध्याकाळी काका न्यायला गेले, तेव्हा ताई म्हणाल्या, "बाटली उत्तम आहे. फक्त माझ्या थर्मासचं झाकण हिने कुठे ठेवलंय, तेवढं विचारून सांगा."