उलटलो होतो तो मी

वनिताचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात एका टाकीच्या साच्याला मेण लावत होतो. वनिता म्हणजे श्रावणभाऊंची लेक. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मागून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, ती येईपर्यंत अंगणात बसतो म्हणाले आणि बसल्या जागीच गेले. मी "येतो" म्हणालो. भद्रावतीहून त्यांचं गाव फार लांब नाही, चंद्रपूरला बस बदलली की दुपारपर्यंत पोचता येतं. पण त्या दिवशी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऑर्डरचं काम अडलंय, असं बायकोला सांगितलं. न जाण्याचं खरं कारण मला माहीत होतं, आणि आज दीड महिन्यानं तेच इथे लिहायला बसलोय. श्रावणभाऊंबद्दल चांगलं लिहिणं सोपं आहे... पण माझ्याबद्दल खरं सांगितल्याशिवाय ते लिहिताच येत नाही.

माझा फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचा छोटा कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी कोकणात गेलो असताना समुद्रात चालवायची कयाक पहिल्यांदा पाहिली. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती. माणूस मधल्या भोकात कमरेपर्यंत शिरून बसतो आणि दोन्हीकडे पाती असलेलं एकच वल्हं चालवतो. टाकी बनवता येते तर ही का नाही, असं डोक्यात शिरलं ते शिरलंच. वर्षभर पुस्तकं वाचली, आकृत्या काढल्या, आणि सतरा फुटांची पहिली बोट साच्यातून काढली. आता ती वाऱ्यात आणि लाटांत कशी वागते हे बघायला हवं होतं. आमच्याकडे समुद्र कुठला! पण सिंदेवाहीच्या पुढे एक जुना मोठा तलाव आहे. फाल्गुनात दुपारचा वारा सुटला की त्याच्या पार पलीकडून लाटा उठत येतात, गुडघ्याएवढ्या, आखूड आणि चिडक्या. पिकअपवर बोट बांधून मी तिथे गेलो. काठावर एक साठीकडे झुकलेला सडपातळ ढिवर मासेमार जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं हातातलं काम ठेवलं, बोटीभोवती दोन चकरा मारल्या, तिच्या बुडावर टकटक करून पाहिलं. मग बसायच्या भोकावर ताणून बसवायचा, पाणी आत येऊ नये म्हणून असलेला रबरी पडदा उचलून त्यानं विचारलं, "हा घागरा कोनाचा व्हय?" मी सांगितलं की तो चालवणाऱ्यानं कमरेला घालायचा असतो. तो इतका हसला की डोळे पुसायला लागले. "मंग मी नाई घालत. आमची बाई घरात घेनार नाई मले." ते श्रावणभाऊ.

घागरा त्यांनी तिसऱ्या खेपेला घातला. चौथ्या खेपेला ते माझ्यापेक्षा बरी कयाक चालवत होते. दोन महिने मी दर आठवड्याला जात होतो, दुसरी बोट तयार झाली तीही घेऊन गेलो. पाण्यात बांबू रोवून आम्ही सरळ रांग आखली होती. आधी शांत पाण्यात, मग रेतीच्या पिशव्या भरून, मग आडव्या वाऱ्यात. वल्हं थांबवायचं आणि बोट कुठे तोंड फिरवते ते बघायचं. मग चालवताना कुठे फिरवते ते बघायचं. मी घड्याळ आणि वही घेऊन काठावर, ते पाण्यात. पहिल्याच वाऱ्यात त्यांनी सांगितलं, "सर, चालवाले लागलं का हिचं तोंड वाऱ्याकडं पळते. एका हातानंच वल्हत राहा लागते." आणि मागून लाट आली की आणखी वाईट. शेपूट उचललं जायचं, तोंड पाण्यात घुसायचं आणि बोट गर्रकन आडवी व्हायची. श्रावणभाऊ कमरेतून झुकून तिला सावरायचे. एके दिवशी काठावर येऊन म्हणाले, "बसनं पुढं झालं सर. चार बोटं मागं घ्या, शेपूट पानी धरंल." मी त्यांना वहीतला हिशेब दाखवला. वजनाचा मध्य कुठे, उचल कुठे, सगळं. त्यांनी तो खरंच मन लावून पाहिला. "तुमचं गनित बराबर असंल," ते म्हणाले. "पन मले बुडाखाली समजते." मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते, पण ती लाज लहान आहे. मोठी पुढे आहे.

चैत्रात एका पर्यटन कंपनीची चार माणसं बोट बघायला येणार होती. त्या तलावावर त्यांना नौकाविहाराचं केंद्र काढायचं होतं. बोटी माझ्याकडून घ्यायच्या आणि चालवायला गावातली माणसं ठेवायची, असा बेत. श्रावणभाऊंचं नाव मीच सुचवलं होतं. त्या दिवशी दुपारी वारा नेहमीपेक्षा जोराचा होता, झाडांची पानं उलटी होत होती. श्रावणभाऊ म्हणाले, "जाताना जाल तुमी. येताना लाटा पाठीशी राह्यतीन. आज मी एकटा जातो, तुमी त्यायच्याजवळ बसा." पण पाहुण्यांसमोर स्वतः चालवून दाखवायची मला हौस. पाहुणे बांधावर छत्र्या धरून उभे राहिले आणि आम्ही दोघं निघालो. दोन्ही बोटी पिवळ्या, दोघांची जॅकेटं केशरी. अर्धा तलाव गेलो, वळलो, आणि तिसऱ्या की चौथ्या लाटेला माझी बोट आडवी झाली. मी झुकलो तो चुकीच्या बाजूला. पुढचं मला तुकड्यांत आठवतं. डोकं खाली, हिरवं पाणी, कानात घों घों. घागरा ओढून काढायची दोरी बाहेर ठेवायची असते; घाईत मी ती आतच दाबून बसलो होतो. नखांनी रबर ओरबाडत होतो. मग बाजूला काहीतरी धपकन पडलं, कमरेपाशी एक हात आला आणि रबर फाटलं. श्रावणभाऊंनी बोटीतून उडी टाकून जाळ्याच्या सुरीनं ते कापलं होतं. मला वर ओढून ते एवढंच म्हणत राहिले, "श्वास घ्या सर. श्वास घ्या. काई झालं नाई."

दोन्ही बोटी ढकलत आम्ही जवळच्या टेकाडामागे, बेशरमच्या झुडपांत काठाला लागलो. तिथून बांधापर्यंत पायी आलो, दोघंही सारखेच ओलेचिंब. कंपनीचे साहेब दोन पावलं पुढे येऊन म्हणाले, "इथून नीट दिसलं नाही. उलटलं कोण?" मी विचार केला नाही. केला असता तर निदान विचार करून खोटं बोललो, असं तरी म्हणता आलं असतं. तोंडातून सरळ आलं, "भाऊ उलटले. अजून सवय नाही त्यांना. बोटीत काही दोष नाही." श्रावणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादा माणूस ओळखीचा वाटावा आणि जवळ आल्यावर वेगळाच निघावा, तसं. मग ते साहेबांकडे वळले. "हो साहेब. माह्यीच चूक झाली."

ऑर्डर मला मिळाली. केंद्र सुरू झालं, गावातली सहा माणसं कामाला लागली. श्रावणभाऊंना घेतलं नाही. जो माणूस रिकाम्या बोटीतून पडतो त्याच्या हाती लोकांची मुलं कशी द्यायची, असं साहेब म्हणाले, आणि मी मान हलवली. चाळीस वर्षं त्या पाण्यावर डोंगा चालवलेल्या माणसाला गावात पोरंटोरं 'उलटा श्रावण' म्हणायला लागली, हे मला वनिताकडून कळलं. ती हसत सांगत होती. मीही फोनवर हसलो. त्यानंतर मी तिकडे जाणं कमी केलं, मग बंदच केलं. आणि हो, पुढच्या सगळ्या बोटींमध्ये मी बसायची जागा चार बोटं मागे घेतली. बोटी सुतासारख्या सरळ चालू लागल्या. माहितीपत्रकात मी लिहिलं, 'दीर्घ संशोधनातून सिद्ध झालेली रचना.'

ते शेवटचे भेटले मूल गावच्या आठवडी बाजारात. मीच नजर चुकवून पुढे जात होतो, त्यांनी हाक मारली. हातात वांग्यांची पिशवी. तब्येत विचारली, घरचं विचारलं. मग जवळ येऊन, जणू दोघांचंच गुपित असावं तसं हळूच म्हणाले, "सर, बसनं मागं घेतलं का?"

"घेतलं... थोडं," मी म्हणालो.

"आता नाई फिरत ना आडवी?"

"नाही फिरत."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी काहीतरी काम सांगून बाजारातून पळालो.

अखेर तेरवीला गेलो. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई ओसरीत बसल्या होत्या. मला वाटलं होतं, यांना तरी श्रावणभाऊंनी खरं सांगितलं असेल. त्या आता बोलतील आणि मी खाली मान घालून ऐकून घेईन. तेही सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमची बोट त्याईनं उलटवली, तरी तुमी मनावर घेतलं नाई. मोठं मन तुमचं." त्यांनाही सांगितलं नव्हतं! स्वतःच्या घरातही त्यांनी माझं खोटं सांभाळलं होतं. आणि मी... मी तिथे जेवलो, नमस्कार केला आणि परत आलो.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. अनसूयाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. घागरा, सुरी, बांधावरचा प्रश्न, माझं उत्तर. त्यांचं सूप थांबलं.

"मीबी हसली त्याईले," त्या म्हणाल्या. "सगळ्याईसंगं हसली." मग सूप बाजूला ठेवून उठल्या. "चला. हे घाटावर सांगा. जितके लोक हसले तितक्याईले सांगा."

घाटावर दहा-बारा ढिवर जाळी वाळवत होते. अनसूयाबाई पुढे, मी मागे. मी सांगितलं. मी हळू बोलत होतो, मग अनसूयाबाईंनी "मोठ्यानं" म्हटलं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "त्याच्या जितेपनी आला असता तं..." आणि वाक्य सोडून जाळ्याकडे वळला.

परत आलो तेव्हा माझे पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरले होते. अंगणातल्या चुलीवर तांब्याच्या गुंडात पाणी तापत होतं, वाफ येत होती. श्रावणभाऊ तलावावरून यायच्या वेळेला त्या रोज असं पाणी ठेवायच्या, अजूनही ठेवतात. मला ते ठाऊक नव्हतं. त्या पाण्यानं पाय धुवावेत म्हणून मी वाकून शेजारचा तांब्या उचलला.

"ते त्याईचं हाये," अनसूयाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी बोरिंगवर धुवा."

मी तांब्या होता तसा ठेवला आणि रस्त्यावरच्या हातपंपाकडे गेलो.