टॅपेटच आहे, दुसरं काही नाही

आमची गाडी चौदा वर्षांत एकदाही बिघडली नाही. ती सर्व्हिसिंग करून आणली आणि बिघडली.

हे वाक्य दुसऱ्या कुणी बोललं असतं तर चाललं असतं. मी आयटीआयला एकतीस वर्षं मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवलाय. नारायणगावपासून आळेफाट्यापर्यंत ज्या गॅरेजसमोरचा माणूस मला बघून उठतो आणि काळे हात जोडून 'नमस्कार सर' म्हणतो, तो माझा विद्यार्थी (आणि जो बघूनही उठत नाही तोही माझाच, फक्त नापास झालेला). पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, "डॉक्टर नाडी बघतो, आपण आवाज ऐकायचा. इंजिन आधी कानानं उघडायचं, पान्यानं नंतर." पोरं ते वहीत लिहून घ्यायची. मला स्वतःलाच ते इतकं आवडायचं, की वर्षातून चारदा तरी मी ते सांगत असे.

त्या पोरांमधला सगळ्यात हुशार सोमनाथ. त्याचं आळेफाट्याला स्वतःचं गॅरेज आहे आणि माझी गाडी त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला लागत नाही. यंदा दिवाळीनंतर त्यानं ऑइल बदललं, फिल्टर बदलला, टॅपेट सेट केली आणि सायलेन्सरचा तुटका पट्टा नवीन बसवला. गेली सहा वर्षं तो पट्टा असा काही खडखडायचा, की आमच्या पिंपळवंडीच्या मळ्यात मी यायच्या आधी माझी बातमी यायची. आता गाडी लोण्यासारखी चालायला लागली. घरी येऊन दारात थांबलो तरी आमच्या मंडळींना, म्हणजे मंदाला, पत्ता नाही.

"अवो, तुमी कवा आला? मला वाटलं चोरबीर शिरला."

"सोमनाथचा हात आहे. आवाजच ठेवला नाही त्यानं."

"पयलं वढ्याच्या वळणावर आला की कळायचं. मी चहा टाकायचे. आता मांजरावानी येता." मग म्हणाली, "त्या वळणाला ऊस किती वाढलाय, बघितलाय का? परवा तिथनंच बिबट्यानं कुत्रं नेलं."

"मी गाडीत बसून येतो, मंदा. त्या कुत्र्यासारखा पायी हिंडत येत नाही."

ती आत गेली. मला वाटलं, विषय संपला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तरी मला अजून असं वाटतं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मी रोज पाचला आळेफाट्याला जातो. तिथल्या हॉटेलात आम्हा रिटायर मंडळींचा चहा असतो आणि अंधार पडता पडता मी परततो. त्या दिवशी जाताना गाडीत रेडिओ मोठ्यानं लावला होता आणि येताना डांबरी रस्त्यावर ट्रकांच्या गोंगाटात काही कळलं नाही, पण मळ्याच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि पुढून आवाज आला. टक्. टक्-टक्. टणक्. मी गालात हसलो. टॅपेट! इंजिनाच्या डोक्यात झडपा दाबणारे छोटे भाग असतात, त्यांची फट थोडी चुकली की ते असे टकटकतात. पहिल्या सहामाहीतला धडा. सोमनाथ चुकला म्हणून वाईट वाटलं, आणि मी दोन सेकंदांत ओळखलं म्हणून बरं वाटलं. खरं सांगायचं तर बरंच जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो. गाडी चालू केली. आवाज नाही. ॲक्सिलरेटर दाबला. नाही. चौकापर्यंत चक्कर मारून आणली. नाही. तरी सोमनाथनं माझ्या शब्दाखातर इंजिनाचं झाकण उघडलं आणि फटी मोजल्या.

"सर, एकदम करेक्ट हायेत."

"परत मोज."

त्यानं परत मोजल्या. त्याच दिवशी संध्याकाळी मळ्याच्या रस्त्यावर पुन्हा टणक्-टणक्. सकाळी गॅरेजवर पुन्हा चिडीचूप. दहा दिवसांत सोमनाथनं माझ्या गाडीचं झाकण चार वेळा उघडलं. शेवटी मी त्याच्या शटरवर खडूनं आकृती काढून माझा सिद्धांत मांडला. संध्याकाळी हवा गार होते, धातू आकसतो, फट वाढते, आवाज येतो.

"पण सर, सकाळी तर त्याहून गार असतंय."

"मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो. उत्तर येत नसलं की शिक्षकाला हेच म्हणावं लागतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर माणूस म्हणून मी बरा ठरलो असतो. पण मला हॉटेलात तोंड आवरलं नाही. "सोमनाथचं आता पहिल्यासारखं राहिलं नाही," मी रोज चहाबरोबर सांगायला लागलो. "कामं वाढली, कान गेला." सरच म्हणतात म्हटल्यावर लोकांनी ते खरं मानलं. आमच्यातल्या रिटायर ग्रामसेवकानं आपली जीप दुसरीकडे टाकली. कोंबड्यांची गाडी चालवणारा एक जण गॅरेजच्या दारातून माघारी गेला. मग एका दुपारी सोमनाथचा फोन आला.

"सर, दोन गिऱ्हाइकं गेली. माझं चुकलं असंल तर मला बोला, कानाखाली मारा. पण हाटेलात नका बोलू."

तरी माझ्या तोंडातून निघालं, "आवाज काढून दे, मी गप्प बसतो."

सोमनाथ म्हणाला, "आज मी तुमच्याबरोबर गाडीत बसून मळ्यात येतो. इंजिनातनं आवाज आला तर उद्या गॅरेजचा बोर्ड उतरवतो."

"अरे, बोर्ड कशाला?"

"तुमी शिकवलेलं पोरगं टॅपेट चुकवत असंल तर त्यानं गॅरेज चालवू नये, सर."

'असं काही करू नकोस बाळा' म्हणायची ही वेळ होती. मी म्हणालो, "पावणेसहाला हॉटेलपाशी ये." आजही हे आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

तो आला. शेजारी बसला. कच्च्या रस्त्याला लागलो आणि आवाज सुरू झाला. टक्-टक्. टणक्. सोमनाथनं डोळे मिटले आणि त्याचा चेहरा पडला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण शेजारी त्या पोराचा चेहरा बघवेना. बोर्डावर त्याच्या मुलीचं नाव आहे, हे मला तेव्हाच का आठवावं?

ओढ्याचा उतार लागला तसे त्यानं डोळे उघडले. "सर, इंजिन बंद करा."

"बंद केल्यावर आवाज कसा येईल?"

"करा तरी. गाडी उताराला नुसती सोडा."

मी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. गाडी घरंगळत निघाली आणि पुढून आवाज आला, टणक्-टणक्, टणक्-टणक्.

"सर," सोमनाथ अगदी आदरानं म्हणाला, "बंद इंजिनाचं टॅपेट वाजतंय."

वळणावर मी गाडी थांबवली. सोमनाथ मोबाइलचा उजेड घेऊन उतरला आणि बंपरपाशी वाकला. तेवढ्यात उसात सळसळ झाली आणि दहा-बारा फुटांवर, बांधावर, बिबट्या येऊन बसला. मी शांतपणे "सोमनाथ, आत ये" म्हणालो, असं मी लोकांना सांगतो. सोमनाथ म्हणतो, मी फक्त "ओ, ओ, ओ" असं करत होतो. तो आत आला तो माझ्याच दारानं, माझ्या मांडीवरून. मी गाडी चालू केली. बिबट्या आमच्याकडे बघतच नव्हता. तो आमच्या नंबर प्लेटकडे बघत होता. आम्ही निघालो, टणक्-टणक्, तसा तो उठला आणि वीसेक पावलं चांगला मागे मागे आला.

"सर, ह्यो मागं का येतोय?"

"गप बस," मी म्हणालो. बिबट्या माझ्या ट्रेडचा नव्हता.

घरी पोचलो. फाटक लावलं. आमच्या ओट्यावर शेजारच्या वस्तीवरचे खंडूतात्या चहा पीत बसले होते. त्यांच्याकडे अजून साठ-सत्तर मेंढरं आहेत. सोमनाथ सरळ गाडीपुढे जमिनीवर आडवा झाला, नंबर प्लेटच्या मागे हात घातला आणि लाल दोऱ्याला बांधलेली एक पत्र्याची घंटी ओढून काढली.

मंदा दारात उभी होती. ती एकदम तुळशीकडे बघायला लागली.

"मंदा, हे काय आहे?"

"घंटी."

"ते दिसतंय मला. गाडीला कुणी बांधली?"

"मीच. गाडी मुकी झाली ना. बिबट्याला कळाय नको, माणूस येतोय, बाजूला व्हावं? तुमी पाचला बूट घालाय लागला की बांधायचे, आन् सकाळी सडा टाकताना सोडून ठेवायचे. दिवसा लोकं हसली असती तुमाला."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ठेवली असती का? धातू आकसतो म्हनून लेक्चर दिलं असतं."

सोमनाथ खाली मान घालून हसत होता. मला मात्र हसू येईना. मंदाचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसून तिला भाजीसुद्धा निवडता येत नाही. ती बाई दोन आठवडे रोज संध्याकाळी गाडीपुढे खाली बसून माझ्यासाठी दोरा बांधत होती, आणि मी तिकडे एका गुणी पोराला नावं ठेवत हिंडत होतो. मी काहीतरी चांगलं बोलणार, तेवढ्यात खंडूतात्यांनी ती घंटी हातात घेऊन वाजवली.

"वैनी, ही तर आमच्या मेंढीची."

"व्हय, तुमच्या सुनंकडनंच मागून आनली."

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आवो वैनी, मेंढीची घंटी वाजली म्हंजी बिबट्याला काय कळतंय?"

"काय?"

"जेवान आलं."

म्हणजे दोन आठवडे रोज दिवेलागणीला मी त्या उसाच्या रस्त्यानं पंच्याऐंशी किलोची मेंढी म्हणून येत होतो, तेही वेळेवर. मंदानं कपाळावर हात मारला. "आगं आई गं, मी रोज तुमाला वाढून पाठवत व्हते," म्हणाली आणि रडायला लागली. मग तिचं तिलाच हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. तात्यांनी कप पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी मी सोमनाथला घेऊन हॉटेलात गेलो, घंटी टेबलावर ठेवली आणि उभा राहून सगळं सांगितलं. चूक माझी होती, याचा कान शाबूत आहे, गेला तो माझा, असं स्वच्छ बोललो. थोडक्यात उरकायचा विचार होता. मंडळींनी तीनदा सांगायला लावलं आणि तिसऱ्या वेळी घंटीसुद्धा वाजवायला लावली. ग्रामसेवकानं तिथूनच फोन करून जीप परत मागवली. बाहेर आल्यावर मी सोमनाथचा हात धरला. "चुकलो मी, बाळा." तो म्हणाला, "सर, बोर्ड सकाळी पुसून घेतला. लई धूळ बसली व्हती."

त्याला महिना झाला असेल. परवा दुपारी सोमनाथचा फोन आला. "सर, एका पिकअपला आवाज येतोय. चार दिवस झालं, समजंना."

माझं मन भरून आलं. एवढं सगळं होऊनही पोरगं अडल्यावर मलाच विचारतंय. मी चष्मा लावला, खुर्चीत ताठ बसलो, घसा साफ केला. "हं. आता अगदी पहिल्यापासून सांग."

"सर, काकू हायेत का घरात? जरा त्यांच्याकडं द्या ना."

मंदानं ओले हात पदराला पुसून फोन घेतला. दोन मिनिटं 'हूं, हूं' केलं आणि एकच विचारलं, "त्या पिकपवाल्याच्या बायकोला विचारलं का?" फोन माझ्या हातात देऊन ती पुन्हा भांड्यांकडे गेली.

दहा मिनिटांनी परत रिंग वाजली. आवाज सापडला होता. मी विचारलं, "काय निघालं रे?"

सोमनाथ हसला. मग म्हणाला, "जाऊ द्या सर, तुमाला न्हाई समजायचं."