जत्रेला कोण आलं नाय?

माझा महिपतमामा धसईच्या शाळेत मास्तर होता. उत्साह त्याच्या अंगात मावत नसे. घरच्या कामाच्या वेळी तो कुठे जातो, एवढंच मामीला कळत नसे. १९३१च्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, वैशाखऱ्याकडच्या वाड्या मोजायला त्याच्याकडे आल्या, तेव्हा त्याला मामलेदारी मिळाल्यासारखं झालं. धुतलेलं धोतर नेसून, कागद काखोटीला मारून स्वारी निघाली.

कागदात एक रकाना व्यंगाचा होता. घरात कोणी दोन्ही डोळ्यांनी आंधळं, जन्माचं मुकं-बहिरं, वेडं किंवा रक्तपितीचं, म्हणजे महारोगी, असेल तर तिथे लिहायचं. पांगळ्यांसाठी सरकारने जागाच ठेवली नव्हती. का, ते सरकारलाच ठाऊक. मामा दारात उभा राहून खणखणीत आवाजात यादी वाची आणि आतून उत्तर येई, "नाय मास्तर, आमच्यात असलं कोन नाय!" चाळीस घरं झाली, रकाना कोराच. मला विचाराल तर चूक मामाचीच. सकाळच्या पारी कुणाच्या दारात जाऊन आंधळं-वेडं विचारलं, तर हो कोण म्हणेल?

एका वाडीत जिवली नावाच्या बाईच्या ओटीवर तो पाणी प्यायला टेकला. तिच्या घरची पाच माणसं नुकतीच लिहून झाली होती. सगळा तालुका जिला लोटतो ती म्हसा गावची जत्रा चारच दिवसांपूर्वी आटोपली होती, म्हणून त्याने सहज विचारलं, "यंदा जत्रेला सगळी गेला होतात?"

"सगली गेलो. येकली लहानी राह्यली घरी."

"लहानी कोण?"

"माजी पोर. बारा वर्सांची. तिला आयकू येत नाय, बोलता येत नाय. गर्दीत हरवली तं हाक कशी मारायची?"

मामाच्या हातातला तांब्या हातातच राहिला. पाच माणसं लिहिली, आणि सहावं माणसांत धरलेलंच नव्हतं! जिवलीने लपवलं असंही नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पोर परसात शेळ्यांना पाला घालत होती. मामाने तिचं नाव लिहिलं आणि तो उठला तो थेट पहिल्या घराकडे धावत सुटला.

आता यादी नाही नि काही नाही. एकच प्रश्न, "म्हशाच्या जत्रेला घरातलं कोण आलं नाय?" आणि काय सांगू, लोक बोलायलाच लागले! "आमची बारकीआजी, तिला दिसत नाय." "बुधूला नाय नेला, तो कुनालाबी मारतो." तापकरी आणि बाळंतिणीही निघाल्या, त्या मामाने हसत बाजूला काढल्या. तीन दिवसांत अकरा नावं झाली. त्यांतली चार पहिल्या मोजणीत माणूस म्हणूनही आली नव्हती. मामाला भूक-तहान राहिली नाही. शाळेत, बाजारात, भेटेल त्याला तो अकराचा आकडा ऐकवत सुटला.

तो आकडा तपासनिसांच्याही कानी गेला. हे तपासनीस कमळाकरपंत मुरबाडचे, हातात लाल शाईचा टाक. "शेजारच्या गावांत एखाद-दुसरा, नि तुमच्याकडे अकरा? मास्तर, गोष्टी लिहिता का?" म्हणत ते मामाला घेऊन जिवलीच्या दारात उभे राहिले. लहानी शेळ्या घेऊन रानात गेली होती.

"घरात माणसं किती?" पंतांनी दरडावून विचारलं.

जिवली घाबरली. "पाच, सायेब."

"कोणी मुकं, आंधळं?"

"नाय सायेब."

पंतांनी टाक दौतीत बुडवला. लहानीचं नाव आता जाणार होतं, आणि तिच्यामागे बाकीचीही. मामा असा भडकला की नोकरीचंही भान राहिलं नाही.

"रावसाहेब, तुमच्या घरचं जत्रेला कोण आलं नाही?"

"हा काय प्रश्न झाला? आम्ही सगळे होतो. चंदर सोडला तर सग—" पंत थांबले. टाकातला लाल थेंब त्यांच्या धोतरावर पडला.

"चंदर कोण?"

"धाकटा भाऊ. जन्मापासून दिसत नाही त्याला."

"लिहिलाय?"

पंतांनी नकाराची मान हलवली. मग अकराही नावांखाली त्यांनी सही केली आणि कागद मामाच्या हाती दिले.

"मास्तर, उद्या मुरबाडला माझ्या घरी या," ते म्हणाले. "आईला तो जत्रेचा प्रश्न तुम्ही विचारा. माझ्यानं विचारवणार नाही."