वासंतीबाईंची वीस मिनिटं

वासंतीबाईंवर माझा राग आहे, आणि तो लपवून मला त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही. त्यांनी मला सहावीत शिकवलं. प्रगतिपुस्तकावर आप्पांची सही मीच ठोकली होती, ती बाईंनी पकडली. मारलं नाही. "परशराम, कमी मार्क चालतील, खोटं चालणार नाही," एवढंच म्हणाल्या. मी कंग्राळीला घरी पोचेपर्यंत रडत गेलो.

पुढे मी व्यायामाचा मास्तर झालो. वजनं उचलायला शिकवणारे बेळगावात ढिगानं आहेत. मी माणसांना सवय लावतो. प्रत्येकाला एक वही देतो. रोज काय केलं ते स्वतःच्या हातानं लिहायचं, आठवड्यानं मी येऊन बघणार. गेल्या वर्षी बाईंची साखर वाढली. रोज चाला, नाहीतर इन्सुलिनची सुई, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंना सुईची भयंकर भीती. त्यांनी मलाच बोलावलं. शहापुरातल्या त्यांच्या घरी चहा पिताना मला किती भारी वाटलं होतं म्हणून सांगू!

पाच महिने त्यांच्या वहीत एका दिवसाचाही खाडा नव्हता. 'सकाळी सहा, वीस मिनिटं चालले.' टपोरं, वळणदार अक्षर. ती वही मी दहा जणांना दाखवली. "सत्तरीच्या बाई चालत्यात, तुमास्नी काय धाड भरलीया?" असं म्हणून कितीजणांना अंथरुणातून उठवलं.

आणि तपासणीत साखर उतरायच्या ऐवजी चढलेली निघाली. चालूनही फरक नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी सोमवारपासून सुई सांगितली. मी उलट डॉक्टरांशीच वाद घातला. रिपोर्ट चुकला असेल, पण वही चुकणार नाही, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या चालायच्या वाटेवरच्या देवळाजवळ फुलं विकणाऱ्या अंबुबाईला सहज विचारलं, आमच्या बाई इथून किती वाजता जातात.

"जात्यात कुटं? हितंच कट्ट्यावर बसत्यात की रोज. घड्याळ बगून वीस मिण्टांनी उटत्यात आनि घराकडं जात्यात."

माझं डोकंच फिरलं. तसाच बाईंच्या घरी गेलो आणि त्यांची वही उचलून टेबलावर आपटली. आयुष्यात कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, तो चढवला.

"बाई, मला फशिवलंसा! लोकांफुडं तुमचं नाव घेत हिंडलो मी. दुसऱ्या कुणी केलं असतं तर सोसलं असतं."

 बाईंनी वहीचं अगदी सुरुवातीचं, दुसरं पान उघडलं. 'आज जमलं नाही. कोपऱ्यावरच दम लागला.' त्याखाली लाल शाईत माझं अक्षर होतं: 'बाई, तुम्हीच असं म्हणालात तर आम्ही कुणाकडे बघायचं? हे वाक्य पुन्हा नको.' लिहिलेलं मी साफ विसरून गेलो होतो.

"म्हणून पुन्हा लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, एखाद्या सकाळी तू बरोबर येशील, मला कुठवर चालवतं ते बघशील. तू वही बघून जात राहिलास रे."

 माझा राग तरीही गेला नाही, खोटं ते खोटंच. सोमवारी दवाखान्यात मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. नर्सनं सुई काढली, तसे बाईंनी डोळे गच्च मिटले. मी हात पुढे केला. त्यांनी चाचपडत धरला तो नर्सचा पदर.