म्हशीनं पास केलेला पैलवान

आमच्या घरात कुत्रं ठेवायचं की नाही, याचा निर्णय शेवटी म्हशीनं घेतला.

मी लोणी देवकरला कंपनीत कामाला. गेटबाहेर कुणीतरी टाकून दिलेलं एक काळं कुत्रं तिथल्या एका ताईंनी सांभाळलं होतं आणि त्या त्याला घर शोधत होत्या. मी नुसतं बघायला गेलो. त्यानं माझ्या बुटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. संपलं!

माळेगावच्या घरी आणलं, तर वडील, म्हणजे तात्या, त्याच्याकडं बघतच राहिले.

“ह्ये कुत्रं हाय व्हय?”

“वाढंल की तात्या.”

“दोन वर्साचं हाय म्हनलास न्हवं आत्ता?”

कळशीएवढ्या त्या जिवाचं नाव तात्यांनीच ठेवलं, पैलवान. मग परीक्षा घेतली. शेजारच्या गुलाबरावांना तोंडाला टॉवेल गुंडाळून विहिरीवरची मोटार ‘चोरायला’ पाठवलं. पैलवान शेपूट हलवत त्यांच्या मागं गेला, त्यांच्यासमोर उताणा लोळला आणि घाईत निसटलेली त्यांची चप्पल तोंडात धरून त्यांना परत नेऊन दिली.

“रईवारी जितनं आणलंस तितं सोडून ये,” तात्या म्हणाले. “राखन न करनारं कुत्रं आन् ऊस न गाळनारा कारखाना, दोनी सारखंच.”

रोज रात्री ते माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपायचं. एकदा टाकून दिलेल्या जिवाला मी पुन्हा टाकून यायचं?

त्यातच आई मावशीकडं इंदापूरला गेली. आमच्या चंद्री म्हशीचं रेडकू महिन्यापूर्वी दगावलं होतं आणि तेव्हापासून ती आईशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. आईनं फोनवर उपाय सांगितला, “माझं लुगडं नेस, डोक्यावर पदर घे, आन् तोंडातनं शबूद काढू नगं.” (यात हसण्यासारखं काही नाही. बायको गावाला गेली की आमच्याकडचे भलेभले मिशीवाले साडी नेसून धारेला बसतात. फक्त सांगत नाहीत.)

“तात्या, तुमी बसता का?”

“मी कारखान्याचा सभासद हाय. मला न्हाय शोभायचं.”

मला शोभणार होतं. हिरवं नऊवारी गुंडाळून, पदर सावरत मी बादली घेऊन बसलो. चंद्रीनं मान वळवून लुगडं पाहिलं, पदर पाहिला आणि मग माझे पाय पाहिले. कंपनीचे बूट काढायचे राहिले होते!

बादली उकिरड्यावर गेली. मी उठायला गेलो तर पाय लुगड्यात अडकला आणि थेट तिच्या तोंडापुढं शेणात आडवा झालो. चंद्रीनं शिंगं खाली घेतली.

“सुऱ्या, हलू नगंस,” दारातून तात्या म्हणाले.

तेवढ्यात पैलवान आला. भुंकला नाही, धावलाही नाही. जत्रेत पाहुण्याला भेटायला जावं तसा सरळ त्या शिंगांच्या मधे गेला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि त्यानं चंद्रीचं नाक चाटलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा चंद्री त्याला चाटत होती. मानेपासून शेपटीपर्यंत. प्रत्येक चाटण्यासरशी ते काळं पोर तोल जाऊन पडत होतं, आणि पुन्हा उठून तिच्याखाली शिरत होतं. चंद्रीनं पान्हा सोडला होता. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. इतकं मोठं काही मी इतक्या जवळून कधी पाहिलं नाही.

“बघतूस काय, काढ की धार,” तात्या म्हणाले.

मी बादली आणून धार काढायला बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं. नेमके तेव्हाच कुंपणापलीकडून गुलाबराव म्हणाले, “वहिनी, कवा आलासा इंदापूरवनं?” आईनं शब्द काढू नको म्हणून सांगितलंच होतं. मी पदर आणखी पुढं ओढला.

रविवारी मी जड मनानं पैलवानाच्या गळ्यात पट्टा बांधला.

“कुठं निघालास?” तात्यांनी विचारलं.

“सोडायला. तुमीच म्हनला होता.”

“आन् म्हशीम्होरं कोन उभा ऱ्हानार? तू? तुला लुगडं नेसवून बघितलं की आमी.”

पैलवान राहिला. घरी कोणीही अनोळखी माणूस आलं की तो अजूनही त्याला चाटतो. भुंकायचं काम तात्यांनी माझ्याकडं दिलं आहे.