परळला झालेलं ताईचं बाळंतपण

परळला इस्पितळामागच्या एका चाळीत, तळमजल्यावर, गावाकडून आलेल्या गरोदर बायकांची राहायची सोय आहे. बाळंतपण अवघड दिसलं की तालुक्याचे डॉक्टर त्यांना आधीच इकडे पाठवतात. माझी ताई तिथे राहिली होती. तिची आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती. ताईने शाळा सोडून काजूच्या कारखान्यात काम धरलं, म्हणून आमच्या घरात मी पहिली पदवीधर झाले. तिच्या मांडीवर एक मूल खेळावं, एवढंच मी तेव्हा मागत होते.

तिथल्या बायकांचं सगळं बघणाऱ्या मावशी मूळच्या लालबागच्या, बोलायला फटकळ. ताईने पान बाजूला सारलं की म्हणत, "दोघांचं वाढलंय गो, एकटीने नको म्हणू नको."

ताईला मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवशी ते बाळ गेलं.

इस्पितळातून सोडलं तेव्हा मावशी स्वतः न्यायला आल्या. खालच्या बायका घाबरतील म्हणून त्यांनी ताईला मागच्या जिन्याने वर, आपल्या राहत्या खोलीत नेलं. पाणी तापत ठेवलं, तेल कोमट केलं, शेगडी पेटवली. भाऊजी गावाहून आले होते. रात्रीच्या एसटीने ताईला घेऊन जायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे बाळंतपण कोणाचं चाललंय? पोर तर नाही."

मावशींनी ते ऐकलं.

"पोर गेलं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण ही बाळंतीण आहे. ओल्या बाळंतिणीला मी एसटीत बसू देणार नाही."

त्यांनी ताईला तेल लावून न्हाऊ घातलं, कान बांधले, ओव्याची धुरी दिली. मावशी जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या छातीला बांधत होत्या तेव्हा ताई पहिल्यांदा बोलली.

"मावशी, दूध येतंय."

"येणारच बाय. आई झालीस तू."

इस्पितळात ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आतापर्यंत तिला कोणी आई म्हटलंच नव्हतं.

भाऊजी बराच वेळ जिन्यात बसून होते. मी बाहेर गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "लाडवांसाठी डिंक आणि अळीव कुठे मिळेल इथे?"

"डिंकच आणू," मी म्हटलं. "अळिवाने दूध वाढतं."

ते मान खाली घालून उठले आणि चपला शोधू लागले.